उपरण्याखालचं पहिलं मत

रविवार, ९ फेब्रुवारी १९१३

आज पेठेच्या सभेत एक तास दहा मिनिटं बोललो. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. जयाबाई म्हणते, त्या टाळ्या भाषण संपल्याच्या होत्या. आमचं घर सभेच्या ओट्यासमोरच असल्यामुळे तिला सगळं ऐकू येतं. निपाणीत तुमचं भाषण ऐकू येत नाही असं घरच नाही, असंही ती म्हणते.

विषय गंभीर होता. तंबाखूपेठेचे पंच जोतिबाआप्पा पौषात वारले. पान ओलं की कोरडं, वजनात किती तूट धरायची, यावरून शेतकरी आणि व्यापारी भांडले की निवाडा द्यायचा पंचाने. नवा पंच कसा नेमायचा? इथली रीत अशी की चार वडीलधारी ओट्यावर बसतात, पान खातात, एक नाव पुटपुटतात आणि बाकीचे माना हलवतात. मी उठलो आणि विचारलं, "ही निवड आहे की बैलांचं रवंथ?" पेठेच्या सगळ्या पावत्या माझ्या छापखान्यात छापल्या जातात, त्यामुळे मीही पेठेचा सभासद आहे, आणि सभासदाला बोलण्याचा हक्क असतोच.

मग अमेरिका सांगितली. तिथे गेल्या साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एकाच पक्षाचे दोघे, टाफ्ट आणि रूझवेल्ट, एकमेकांविरुद्ध उभे राहिले, दोघांनी मतं वाटून घेतली आणि शंभरात बेचाळीस मतं मिळवणारे विल्सन निवडून आले. पंचवीस वर्षांपूर्वी तर याहून मोठा अनर्थ. क्लीव्हलंडना लोकांची मतं जास्त, आणि खुर्चीवर बसले हॅरिसन! कारण तिथे लोकांची मतं सरळ मोजत नाहीत, प्रांताप्रांताने मोजतात. "ज्याला लोकांनी निवडलं नाही, तो त्या खुर्चीवर बसतोच कसा?" असं मी गरजलो. पुढे बसलेला एक म्हातारा दचकून जागा झाला.

ठरलं. चौऱ्याऐंशी सभासद मत देतील. उमेदवार तीन. मी, व्यापारी कुंथुनाथशेठ, आणि वजन करणारा पारिसा. पारिसा स्वतः उभा राहिला नाही, त्याला गाडीवाल्यांनी ढकललं. तो वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यांतली दोन कानडीत.

हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून इथेच लिहितो. नगरपालिकेला दोनदा पडलो. आता सेहेचाळिसावं चालू आहे. एकदा तरी लोकांनी मला निवडावं, असं फार वाटतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मत द्यायचं कसं, यावर आज तीन तास खल झाला.

मी म्हटलं, छापील चिठ्ठी. भावकू म्हणाला, "छापा की. वाचणार कोण?" भावकू म्हणजे अकोळचा शेतकरी, वीस वर्षं इथे तंबाखू घालतो. सभासदांपैकी वाचता येणारे वीससुद्धा नाहीत, हे मी विसरलो होतो.

मग चित्रं सुचवली. अमेरिकेत एका पक्षाची खूण हत्ती आहे, दुसऱ्याची गाढव. मी सहज विचारलं, गाढव कोण घेणार? कुंथुनाथशेठ म्हणाले, "मारुतीराव, सूचना तुमची, तवा पहिला मान तुमचाच."

यातून वाट काढली गुंडूआप्पाने. चाळीस वर्षं मुरलेला दलाल. "कशाला एवढं? उपरण्याखाली घेऊ की मतं. एक बोट धरलं तर एक नंबर, दोन धरली तर दोन. कुणाला दिसत न्हाय, कुणाला कळत न्हाय."

आमच्या पेठेत भाव असाच ठरतो. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. तोंडाने अवाक्षर नाही. पटलं की सौदा 'तुटला' म्हणायचं. या पद्धतीविरुद्ध मी गेल्याच साली 'अंधारातला व्यापार' या विषयावर व्याख्यान दिलं होतं. पण गुप्त मतदानासाठी याहून चोख साधन अमेरिकेतही नसेल, हे मला मान्य करावं लागलं. त्या व्याख्यानाचा विषय कुणी काढला नाही, हे बरं झालं. कुणाच्या लक्षात नसावं.

तिघांत मतं फाटू नयेत म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडो प्रांताच्या एका गावाची युक्ती मी मंजूर करून घेतली. प्रत्येकाने दोन मतं द्यायची. आधी पहिल्या पसंतीचं, मग दुसऱ्या पसंतीचं. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर तो पंच. नाही मिळाली तर दुसऱ्या पसंतीची मतं मिळवायची. गुंडूआप्पाला अक्षर येत नाही पण आकडे येतात. प्रत्येकाची चिठ्ठी तोच लिहून डब्यात टाकेल. मी हे सगळं तीनदा समजावलं. सगळ्यांनी तीनदा मान हलवली.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज नंबर ठरले. मी एक नंबरासाठी हट्ट धरला. मुंबईहून मागवलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की अमेरिकेत मतपत्रिकेवर ज्याचं नाव सर्वांत वर, त्याला आपोआप जास्त मतं पडतात. न्यायाच्या दृष्टीने हे चूक आहे. पण चूक कुणाच्यातरी वाट्याला येणारच, तर ती सुधारकाच्या वाट्याला यावी.

कुंथुनाथशेठनी दोन घेतला. पारिसाला विचारलं तर म्हणाला, "उरंल ते."

गुंडूआप्पा माझ्याकडे पाहून हसत होता. "एक नंबर घेतलासा? घ्या, घ्या."

बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रचारासाठी जत्राट आणि अकोळला जाऊन आलो. अकोळच्या चावडीसमोर मतदाराच्या स्वातंत्र्यावर बोललो. बायामाणसांनीही घरातून ऐकलं. भावकूने गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "मारुतीराव, पहिलं मत तुमास्नीच. काय बोललासा! कोणबी तुमास्नीच देणार पहिलं."

"आणि दुसरं?" मी चाचपून विचारलं.

"ते मग बगू की," म्हणाला आणि बैलाकडे गेला.

परतताना गाडीत मला झोप लागली नाही. असं कुणी मला आजवर म्हटलं नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मतदान. बाजाराचा दिवस असल्याने सगळे गाड्या घेऊन आले होते. गुंडूआप्पा पोत्यांच्या आडोशाला बसला, मांडीवर उपरणं. एकेक जण जाऊन हात घाली.

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो, पुढे व्याख्यानात उपयोगी पडेल. पहिलं मत देताना माणसं हसत होती, सहज देत होती. मग थोडी थांबत, भुवया वरखाली करत. आणि दुसरं मत दिलं की हात झटकून "झालं!" म्हणत उठत. मतदानाने माणसाला कसं मोकळं वाटतं, याचं हे जिवंत प्रमाण! गुंडूआप्पाही प्रत्येकाला "बरं, झालं मग" म्हणत होता.

माझी पाळी आली. मी एक बोट धरलं. गुंडूआप्पा म्हणाला, "आनि?" मी म्हटलं, आणि काही नाही, मला दुसरी पसंती नाही. तो बराच वेळ हात सोडेना. "इथंच तोडू म्हणता? एकावर?" मी म्हटलं, एकावरच. त्याने डोकं खाजवलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मी निवडून आलो.

पहिल्या पसंतीची मतं: मला सत्तावन्न, कुंथुनाथशेठना एकोणीस, पारिसाला आठ. दुसऱ्या पसंतीकडे बघायची गरजच पडली नाही. निकाल वाचनालयात जाहीर केला तेव्हा दहाबारा मंडळी होती. खेड्यातली माणसं कालच गाड्या जुंपून गेली. पारिसाने निकाल ऐकला, "बरं झालं," म्हणाला आणि तराजू पुसायला गेला. मोठ्या मनाचा माणूस.

सत्तावन्न!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पंच म्हणून पहिला बाजार. आमच्या शेतकऱ्यांचं सौजन्य पाहून मी थक्क झालो. जो तो येऊन पारिसाला नारळ देत होता, खांद्यावर हात ठेवत होता. जत्राटच्या एकाने तर त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. पराभूत उमेदवाराचं एवढं सांत्वन मी कुठल्याही देशाच्या इतिहासात वाचलेलं नाही. पारिसा बिचारा सारखा "अरं, न्हाय रं, न्हाय" म्हणत होता. त्यालाही ते सोसवत नसावं.

दुपारी पहिला तंटा आला. भावकूचं पान ओलं आहे म्हणून कुंथुनाथशेठ वजनात मोठी तूट धरत होते. मी व्यापारातल्या विश्वासावर पाऊण तास बोललो. शेठ प्रत्येक वाक्याला "वा, वा" म्हणत होते. भावकू गाडीच्या चाकाकडे बघत होता. पान ओलं होतं की कोरडं, हे खरं तर मला कळलं नाही. सगळी पानं मला सारखीच दिसतात. पण शेठ इतकं मुद्देसूद बोलले की निकाल त्यांच्या बाजूने दिला.

नंतर पाहिलं तर भावकू पारिसाकडे पान घेऊन उभा. पारिसाने ते कानाजवळ नेऊन चुरगाळलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "खडखडीत हाय." यावर काही बोलावं असं वाटलं. पण बोललो नाही. जयाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

मंगळवार, ४ मार्च

आज अमेरिकेत विल्सन शपथ घेत असतील. सकाळपासून त्यावरच्या व्याख्यानाची टिपणं काढत होतो, तोच भावकू छापखान्यात आला.

"मारुतीराव, एक इचारायचं होतं. पारिसाअण्णा पंच म्हणून कवापासून बसणार? मागल्या बाजारात तुमी बसलासा, ते चालायचंच, थोरांचा मान. पर आमचं पान कोरडं होतं वो."

मी त्याला समजावलं की पंच मीच आहे, सत्तावन्न मतांनी.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी कसं? आमी तर तीनवर तोडलं."

"पण भावकू, तुझं पहिलं मत कुणाला होतं?"

"तुमास्नीच की! सांगितलंतं तुमास्नी. पहिलं बोट एकाचं धरलं. पर मालक, पहिल्या बोटावर कवा सौदा तुटतोय व्हय? ते बोलणं सुरू करायचं म्हणून. मानासाठी. मग बसून, इचार करून, शेवटी तीन बोटं धरली नि हात झटकला. झालं म्हणून गुंडूआप्पाबी म्हणाला की!"

"सगळ्यांनी असंच केलं?"

"आता उपरण्याखाली दुसऱ्याचं काय ते मला कसं ठावं," असं म्हणून त्याने डोळे मिचकावले. "पर एकावर तोडणारा खुळा पेठेत कोण असणार?"

मी त्याला पाणी दिलं. टिपणं बाजूला ठेवली.

बुधवार, ५ मार्च

गुंडूआप्पाकडे गेलो. तो म्हणाला, "मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. तुमी शिकलेलं माणूस, तुमच्या अमेरिकेत पहिल्या बोटावर तुटत असंल. मी कशाला मधी बोलू? दलालानं फक्त हात धरायचा."

वाचनालयाच्या कपाटातून डबा काढून चिठ्ठ्या पाहिल्या. १–३. १–३. १–३. २–३. १–३. शेवटी धरलेल्या बोटांप्रमाणे मोजलं तर पारिसा एकसष्ट, शेठ अठरा, मी पाच. पाचांतलं एक माझं स्वतःचं.

दुपारी कुंथुनाथशेठ आले. त्यांना कसं कळलं कोण जाणे, पेठेत काही लपत नाही. म्हणाले, "मारुतीराव, नियम म्हंजे नियम. तुमी तीनदा समजावलंतं, मी साक्षी हाय. ज्यास्नी कळलं न्हाय त्यांची चूक. तुमच्यासारखा विद्वान पंच आमास्नी पुन्हा कुठला मिळणार?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ते खरोखरच माझ्या विद्वत्तेची कदर करतात. दर बाजारी माझ्याच ओट्याजवळ माल लावणार, असंही म्हणाले.

रात्रीचं जेवण मी टाळलं नाही, पण चव लागली नाही. जयाबाईला म्हटलं, "मी तीनदा समजावलं होतं."

"हो. मी घरातून ऐकलं ना."

"सगळ्यांनी मान हलवली होती!"

"अहो, तुम्ही बोलायला लागलात की मीपण मान हलवते," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मनातलं सगळं इथे लिहून टाकतो. गप्प बसावं असं वाटतं. कायद्याने मी पंच आहे. नियम मी आधी जाहीर केला होता, मागून बदलला नाही. हॅरिसनही कायद्यानेच बसले होते. आणि पुन्हा मतं घेतली तर मला किती पडतील, ते डब्यात दिसलंच आहे. सत्तावन्न हा आकडा मी गेले दोन आठवडे मनात घोळवत झोपतो. तो आता सोडून द्यायचा.

पण त्या एकसष्ट माणसांनी विचार करून, थांबून, हात झटकून जे सांगितलं, ते मी ऐकलंच नाही. मीच विचारलं होतं, आणि मीच ऐकलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

बाजार भरल्यावर ओट्यावर उभा राहिलो. लोकांनी नेहमीप्रमाणे गाडीच्या सावल्या शोधल्या, तासाभराची सोय म्हणून.

मी म्हटलं, "तुम्ही शेवटच्या बोटावर सौदा तोडलात, मी पहिल्यावर मोजला. चूक मोजणाऱ्याची आहे. मी पंच नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा मतं घेऊ. शेवटी धरलेलं बोट तेच खरं मत. ते आधी मोजायचं, पहिलं नंतर. ज्यांना माझा जुना नियम कळला होता, त्यांनीही आता असंच द्यावं." आणि खाली उतरलो.

कुणी हललंच नाही. मग जत्राटचा एक जण म्हणाला, "संपलं?"

कुंथुनाथशेठ म्हणाले, "मारुतीराव, ही कुठली अमेरिका?" मी म्हटलं, निपाणीची.

भावकू मात्र ओरडला, "आता एक नंबराला कुणी मान द्यायचा न्हाय रं, न्हायतर पुन्हा येतील निवडून!" सगळी पेठ हसली. मलाही हसू आलं, पण ते घरी पोचल्यावर.

गुरुवार, १३ मार्च

पुन्हा मतदान. गुंडूआप्पाचं उपरणं तेच, आडोसा तोच.

पारिसा मत देऊन उठला तेव्हा माझ्याकडे न बघताच तराजूकडे गेला. आपण जिंकणार म्हणून त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. सज्जन माणूस आहे, मी मनावर घेतलं नाही.

माझी पाळी आली. गुंडूआप्पाने हात धरला आणि म्हणाला, "आता कसं, पुन्हा एकावरच तोडायचं?" मी बराच वेळ बसलो. मागे रांगेतून "आवरा की मालक, ऊन व्हायलंय" असं ऐकू आलं. मी आधी एक बोट धरलं. मग थांबलो. मग शेवटचं जे धरायचं ते धरलं आणि हात झटकला. काय धरलं ते इथे लिहीत नाही. मत गुप्त असतं, आणि ही वही जयाबाई वाचते अशी मला शंका आहे.

उठताना "झालं" असं तोंडातून निघून गेलं.

निकाल सगळ्यांसमोर, गाड्या जुंपण्याआधी सांगितला. पारिसा सहासष्ट, कुंथुनाथशेठ पंधरा, मी तीन.

पारिसाने पंच म्हणून पहिलं काम केलं ते भावकूच्या पानाचं. कुंथुनाथशेठना बाजूला नेऊन तो दोन वाक्यं बोलला, बहुधा कानडीत. शेठनी धरलेली तूट सोडली. पाऊण तास लागला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज एकच गोष्ट लिहायची आहे. मागच्या खेपेला मला पाच होती, त्यातलं एक माझं. या खेपेला तीन आहेत, आणि तिन्ही दुसऱ्यांची. तीन माणसं मध्ये थांबली, विचार केला, आणि मलाच धरून त्यांनी हात झटकला. मी पान ओळखत नाही हे माहीत असूनही.

कोण असतील? गुंडूआप्पाला गोडीगुलाबीने विचारलं, तर तो म्हणाला, "चाळीस वर्सांत भाव फोडला न्हाय, आता मत फोडू व्हय?"

भावकू नक्की नाही. शेठ तर नाहीतच. बाकी कुणीही असू शकतं. म्हणून सकाळपासून पेठेत जो भेटेल त्याच्याशी मी नीट बोलतो आहे, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतो आहे. वाक्य मध्येच तोडत नाही. जयाबाई म्हणते, चौऱ्याऐंशी माणसांशी बोलून व्हायला तुम्हाला पावसाळा लागेल.

लागू दे.